बिल कुणाच्या नावावर, झळ कुणाच्या खिशाला

भाचीबाई,

एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलंस आणि पहिल्याच सत्रात सार्वजनिक अर्थशास्त्राचा पेपर पुढ्यात आला, हे ताईकडून कळलं. ‘मामानं जन्मभर हेच शिकवलंय, काय वाचू ते त्यालाच विचार’ हा तुझा निरोपही पोचला. काय वाचायचं त्याची यादी विद्यापीठ देईलच. कसं वाचायचं ते मी सांगतो. यातलं काही माझ्या सरांकडून आलेलं आहे, काही वर्गात मुलांच्या प्रश्नांनी शिकवलेलं.

मुळातली गोष्ट आधी सांगून टाकतो. या विषयात कागदावर एक लिहिलेलं असतं आणि घडतं दुसरंच. कर एकाच्या नावावर लागतो, झळ दुसऱ्याला बसते. योजना एकासाठी निघते, लाभ तिसऱ्याच्या पदरात पडतो. या दोहोंतलं अंतर मोजता आलं की विषय आला. बाकीचं सगळं त्यासाठीच आहे.

१. मागणी-पुरवठा पक्का झाल्याशिवाय पुढचं पान उलटू नकोस

या पेपरात मुलं अडखळतात ती सरकारपाशी नाही, त्याच्या कितीतरी आधी. लवचिकता, उपभोक्त्याचं संतोषाधिक्य, सीमान्त खर्च, पॅरेटोची कसोटी, एवढं बी.ए.ला घोकून सोडून दिलेलं असतं. ते पुन्हा काढ. पहिले पंधरा दिवस यालाच दिलेस तरी चालेल, पुढचे चार महिने सोपे जातील.

२. कर वहीत सोडव

करभार कुणावर पडतो हे वाचून पटतं, पण हाताने सोडवल्याशिवाय अंगात मुरत नाही. कागद घे. मागणी म्हणजे १०० वजा किंमत. पुरवठा किमतीइतकाच. किंमत येते ५०, नग ५०. आता विक्रेत्यावर नगामागे २० रुपये कर लाव. गिऱ्हाइकाला ६० मोजावे लागतात, विक्रेत्याच्या हातात ४० राहतात, नग ४० खपतात. वीस रुपयांचे दोघांत दहा-दहा झाले. आता तोच कर विक्रेत्यावरून काढून गिऱ्हाइकावर टाक आणि पुन्हा सोडव. उत्तर तेच: ६०, ४०, ४०. कायद्याने पावती कुणाच्या नावाने फाडली, याने काहीच फरक पडला नाही. बाजारातून ज्याला सहज बाजूला होता येत नाही, तो जास्त भरतो. मागणीची रेषा अधिक उभी करून पाहा, गिऱ्हाइकाचा वाटा कसा वाढतो ते दिसेल.

इथे थांबू नकोस. तिजोरीत किती आले? ४० नगांचे ८०० रुपये. आणि जे दहा नग विकलेच गेले नाहीत, त्यांचं काय? २० गुणिले १०, त्याचं निम्मं, म्हणजे १००. हे १०० सरकारलाही मिळाले नाहीत, कुणालाच नाहीत. आता कर ४० कर. किंमत ७०, विक्रेत्याला ३०, नग ३०. उत्पन्न १२००, नुकसान ४००. कर दुप्पट, उत्पन्न दीडपट, नुकसान चौपट! ‘पाया रुंद ठेवा, दर कमी ठेवा’ असं प्रत्येक कर समिती का म्हणते, ते या चार ओळींत आहे.

मग फ्रँक रॅम्सेचा १९२७ सालचा लेख तुझ्यासमोर येईल. ढोबळ मानाने तो सांगतो की ज्या वस्तूची मागणी ताठर, तिच्यावर कर जास्त लावा, नुकसान कमी होईल. ऐकायला चोख वाटतं. आता मीठ घे. मिठाइतकी ताठर मागणी कशाची? आणि नेमक्या त्याच करावर आपले नामदार गोखले १९०२ पासून कायदेमंडळात अर्थसंकल्पावरच्या भाषणांतून तुटून पडत होते. तिजोरीत शिल्लक पडते आहे आणि गरिबाच्या मिठावर कर कशाला, हा त्यांचा सवाल होता. १९०३ पासून तो कर टप्प्याटप्प्याने उतरला. रॅम्से आणि गोखले, दोघांचाही हिशेब बरोबर आहे. एकाने कार्यक्षमता मोजली, दुसऱ्याने समता. या दोहोंची ओढाताण जिथे दिसेल तिथे समासात खूण कर. पुस्तक संपेपर्यंत समास भरून जातील.

३. ‘सरकार देतं ते सार्वजनिक’ असं परीक्षेत लिहू नकोस

सार्वजनिक वस्तू ओळखायला दोनच प्रश्न विचारायचे. मी वापरली तर तुझ्यासाठी कमी होते का? पैसे न देणाऱ्याला बाहेर ठेवता येतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तरच ती शुद्ध सार्वजनिक वस्तू. देणारा कोण, हा प्रश्न यात कुठेच नाही. सरकारी दवाखान्यातली खाट सरकार देतं, पण एका रुग्णाने अडवली की दुसऱ्याला मिळत नाही. ती खाजगी स्वरूपाची वस्तू सरकारने पुरवलेली आहे. ती का पुरवावी, याची कारणं वेगळी आहेत आणि भक्कम आहेत. मसग्रेव्हची गुणवस्तूंची कल्पना तिथे उपयोगी पडते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घे. टोलनाका आहे, म्हणजे पैसे न देणाऱ्याला अडवता येतं. पहाटे तीनला रस्ता मोकळा असतो. त्यात आणखी एक गाडी आली तर कुणाचंच काही बिघडत नाही. शनिवारी सकाळी बोरघाटात तीच गाडी शेकडो लोकांचा वेळ खाते. एकच रस्ता, पण घड्याळाप्रमाणे त्याचा वर्ग बदलतो. ‘टोल असावा की नसावा’ यावर वाद घालण्यापेक्षा ‘कोणत्या वेळी किती असावा’ हे विचारलंस तर तू विषयाच्या आत शिरलीस.

सॅम्युएल्सनचा १९५४ सालचा लेख मोजक्या पानांचा आहे, पण नुसता वाचून डोक्यावरून जातो. म्हणून आधी हे कर. एका गल्लीत तीन घरं. दिव्याचा एक खांब पहिल्याला ५०० रुपयांचा वाटतो, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २००. खांबाचा खर्च ८००. एकटा कुणीच लावणार नाही, पण तिघांना मिळून त्याचं मोल १०००. खांब लागायला हवा. खाजगी वस्तूची मागणी आपण आडवी मिळवतो, म्हणजे नग मिळवतो. इथे उभी मिळवली, म्हणजे मोल मिळवलं. परीक्षेत सर्वांत जास्त गुण जातात ते या आडव्या-उभ्यात. आणि ‘तुला खांबाचं किती मोल?’ असं विचारून त्याप्रमाणे पैसे घ्यायचे ठरवलंस, तर तिघेही हात आखडते घेतील. गणपतीच्या वर्गणीला दार न उघडणारा आरतीला मात्र पुढे असतो, तसं. म्हणून वर्गणीच्या जागी कर येतो, आणि कर आला की लोकांना खरं किती हवंय हे कळण्याचा सरळ मार्ग बंद होतो. पुढची सगळी मतदानाची प्रकरणं इथून निघतात.

बाह्य परिणामांबद्दल थोडक्यात. पिगूने १९२० मध्ये म्हटलं, नुकसान करणाऱ्यावर कर लावा. कोसने १९६० मध्ये म्हटलं, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला खर्च नसेल, तर दोघं आपसात मिटवतील. मुलं कोसचं पहिलं निम्मं पाठ करतात आणि ‘खर्च नसेल तर’ हे गाळतात. पंचगंगेचं प्रदूषण डोळ्यांपुढे आण. शहरांचं सांडपाणी, कारखाने, प्रक्रिया उद्योग, खालची गावं, शेतकरी. यातलं कोण कुणाशी वाटाघाट करणार? खरी मेख त्या गाळलेल्या अर्ध्या वाक्यात आहे.

४. सरासरी दर आणि सीमान्त दर कधी मिसळू नकोस

‘पगार वाढला, वरच्या टप्प्यात गेलो, आता सगळ्यावर जास्त कर’ असं म्हणणारे सुशिक्षित लोक तुला रोज भेटतील. टप्प्याचा दर त्या टप्प्यातल्याच रुपयांवर लागतो. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत १६ लाख करपात्र उत्पन्न धर. पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या चारवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या चारवर १० टक्के म्हणजे ४०,०००, शेवटच्या चारवर १५ टक्के म्हणजे ६०,०००. एकूण १,२०,०००. सीमान्त दर १५ टक्के, सरासरी साडेसात. माणूस जास्त काम करेल का हे सीमान्त दर ठरवतो, त्याच्या ऐपतीवर किती ओझं आहे हे सरासरी दर सांगतो.

आता गंमत बघ. १२ लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य. १२ लाखांच्या वर दहा हजार मिळाले तर? टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० होतो. दहा हजारांच्या कमाईवर एवढा कर लावणं हास्यास्पद, म्हणून कायद्यात सवलत आहे: जास्तीच्या कमाईपेक्षा जास्त कर नाही. म्हणजे दहा हजार कमावले, दहा हजार कर. सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंत, उपकर बाजूला ठेवला तर, वरचा प्रत्येक रुपया सरकारकडे जातो. कोष्टकात १५ टक्के छापलेलं आहे, प्रत्यक्षात सीमान्त दर १०० टक्के! कुठलीही सूट, अनुदान किंवा उत्पन्नाची अट असलेली योजना समोर आली की असा कडा कुठे आहे ते शोध. योजनेच्या जाहिरातीत तो दिसत नाही.

लोक दराला कसा प्रतिसाद देतात हे पाहायचं असेल तर परदेशी अभ्यासांपर्यंत जायची गरज नाही. २०२० मध्ये महाराष्ट्राने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरपर्यंत तीन टक्के बिंदूंनी उतरवलं, मग मार्चअखेरपर्यंत दोन बिंदूंची सवलत ठेवली. डिसेंबरात नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली. स्वतःला विचार: यातली किती खरेदी नवी होती आणि किती नुसती अलीकडे ओढलेली? आणि सवलतीतला किती हिस्सा गिऱ्हाइकाला मिळाला, किती बिल्डरने किमतीत मुरवला? दुसरी टीप इथे पुन्हा लागू होते.

५. अर्थसंकल्पाचं भाषण मागाहून ऐक, आकडे आधी मांड

तीनही तुटी एकदा स्वतः काढ. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकातले आकडे देतो, सगळे कोटींत. महसुली जमा ३४,२०,४०९. महसुली खर्च ३९,४४,२५५. वजाबाकी ५,२३,८४६, ही महसुली तूट. एकूण खर्च ५०,६५,३४५. त्यातून महसुली जमा आणि कर्जाखेरीजची ७६,००० भांडवली जमा वजा कर. १५,६८,९३६, ही राजकोषीय तूट. यातून व्याजाचे १२,७६,३३८ काढ. उरले २,९२,५९८, ही प्राथमिक तूट.

आता आकड्यांना बोलतं कर. घेतलेल्या कर्जाचा एक तृतीयांश रोजच्या खर्चात गेला. राजकोषीय तुटीच्या पाच भागांतले चार जुन्या कर्जाच्या व्याजाइतके आहेत. म्हणजे आजच्या तुटीचा बराचसा हिस्सा कालच्या निर्णयांचा आहे. आणि सरकार लगेच सांगेल की महसुली खर्चातले ४,२७,१९२ कोटी अनुदानं देऊन दुसऱ्यांकडून मालमत्ता उभी करण्यासाठी आहेत, ती वजा केली तर ‘प्रभावी महसुली तूट’ फक्त ९६,६५४ कोटी. खोटं कुणीच बोलत नाही, प्रत्येक जण वेगळी वजाबाकी करतो. कोणत्या वजाबाकीने कुणाची सोय होते, हे तू विचारायचं.

राज्यासाठी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते, मराठीतही असते. ती जवळ ठेव. आणि मार्चमधल्या अर्थसंकल्पावर वर्षभर विसंबू नकोस, पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्याही बघ. खर्चाचा खरा कल तिथे कळतो.

६. केंद्र-राज्य वाटपात बेरजेआधी घागरीचं तोंड बघ

पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना दिले. हा आकडा सगळे लिहितात. पण उपकर आणि अधिभार त्या वाटपयोग्य रकमेत येतच नाहीत. म्हणून ‘४१ टक्के कशाचे?’ हा पहिला प्रश्न. त्या ४१ टक्क्यांत महाराष्ट्राचा वाटा होता ६.३१७ टक्के, लोकसंख्येत मात्र २०११ च्या मोजणीने आपण नऊ टक्क्यांच्या वर. अन्याय म्हणून ओरडण्याआधी निकष वाच: उत्पन्नातील अंतराला ४५ टक्के भार, लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, वन व पर्यावरणाला १०, लोकसंख्येवरच्या नियंत्रणाला साडेबारा, कर गोळा करण्याच्या प्रयत्नांना अडीच. श्रीमंत राज्याला कमी मिळावं अशीच रचना आहे. ती मान्य आहे की नाही, हे मग मांड.

जीएसटी परिषदेचंही गणित कर. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. कलम ‘परिषद’ म्हणतं, नकाराधिकार कुणाकडे आहे ते अपूर्णांक सांगतात.

या विषयाचा भारतीय पाया वाचायचा असेल तर बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा १९२५ चा ग्रंथ ग्रंथालयातून काढ. कोलंबियातले त्यांचे गुरू सेलिगमन यांची त्याला प्रस्तावना आहे. प्रांतांना आधी ठरावीक रक्कम नेमून दिली, मग उत्पन्नाच्या बाबी नेमून दिल्या, मग उत्पन्न वाटून घेतलं, असे तीन टप्पे त्यांनी मांडले. कागदोपत्री प्रांतांना अधिकार आणि प्रत्यक्षात दोर वरच्याच्या हातात, हे त्यात उलगडतं. तो वाचून वित्त आयोगाचं प्रकरण उघडलंस तर अर्धं काम झालेलं असेल.

७. आपल्या घरचा धडा परदेशी पुस्तकात शोधू नकोस

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आपल्याकडे रोजगार हमी आली. १९७२ च्या दुष्काळात तिचा कस लागला, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला. पण तुझ्या पेपरासाठी महत्त्वाची बाब पैशाची आहे. राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला, त्याचं उत्पन्न रोजगार हमीसाठी बांधून ठेवलं आणि तेवढीच भर राज्याने घालायची असं ठरवलं. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराची हमी भरायची, असा तो करार.

यात किती प्रश्न दडलेत पाहा. बांधून ठेवलेल्या पैशाने खर्च खरंच वाढतो, की दुसरीकडून तेवढाच काढून घेतला जातो? आणि कराची रचना? घरात कुणाची पगारपत्रिका असेल तर बघ: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. फेब्रुवारीतले वरचे शंभर कशाला, तर घटनेच्या २७६ व्या कलमाने घातलेली २५०० ची मर्यादा बरोबर गाठायला. ती मर्यादा १९८८ पासून हललेली नाही. महिना बारा हजार मिळवणारा पुरुष उत्पन्नाच्या पावणेदोन टक्के देतो, दोन लाख मिळवणारा जेमतेम एक दशांश टक्का. (पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे.) कर प्रतिगामी, खर्च पुरोगामी. मग एकूण योजना कशी? कर आणि खर्च दोन्ही एकत्र धरल्याशिवाय उत्तर देऊ नकोस. ही सवय लागली तर अर्ध्या वर्तमानपत्री लेखांतली चूक तुला लांबून दिसेल.

८. नावं वादासकट लक्षात ठेव

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये समता, निश्चितता, सोय आणि काटकसर या चार कसोट्या दिल्या. वरच्या व्यवसाय कराला त्या लावून बघ: तीन पार, एकीत नापास. मसग्रेव्हने १९५९ मध्ये सरकारची कामं तीन केली: साधनांचं वाटप, उत्पन्नाचं वितरण, स्थिरीकरण. कुठलीही योजना दिसली की ती यातल्या कोणत्या कामासाठी आहे ते ठरव. बहुतेक योजना दोन कामांचं नाव सांगतात आणि एकच करतात.

डाल्टनचा महत्तम सामाजिक लाभाचा सिद्धांत तुला पहिल्याच आठवड्यात भेटेल. हा ह्यू डाल्टन पुढे ब्रिटनचा अर्थमंत्री झाला आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये अर्थसंकल्प मांडायला जाता जाता एका पत्रकाराला त्यातलं बोलून गेल्याने त्याला राजीनामा द्यावा लागला. करांची बातमी आधी फुटली की बाजारात कुणाला फायदा होतो, हे त्याच्यापेक्षा चांगलं कोण जाणत होतं!

आणि सरकारकडे नेहमी भाबडेपणाने बघू नकोस. बाजार फसतो तसं सरकारही फसतं. १९६२ मध्ये बुकॅनन आणि टलॉक यांनी नेता, अधिकारी आणि मतदार यांनाही स्वतःचं हित पाहणारी माणसंच धरलं. ‘बाजार अपयशी ठरला’ हे वाक्य लिहून झालं की त्याखाली ‘सरकार यापेक्षा बरं करेल कशावरून?’ हे लिहीत जा. उत्तर कधी होकारार्थी येईल, कधी नकारार्थी. प्रश्न सुटता कामा नये.

९. उत्तरपत्रिकेची चार पथ्यं

आकृती काढलीस की दोन्ही अक्षांना नावं दे आणि कोणतं क्षेत्र कराचं उत्पन्न, कोणतं नुकसान ते ओळीत लिही. बिनबोलाच्या आकृतीला गुण मिळत नाहीत. प्रत्येक सिद्धांताची गृहीतकं मांड आणि त्यातलं कोणतं मोडलं की निष्कर्ष कोसळतो ते सांग. एक भारतीय उदाहरण दे, पण आकडा पक्का नसेल तर देऊ नकोस. आणि ‘चर्चा करा’ म्हटलं असेल तर शेवटी स्वतःची बाजू घे. ‘दोन्ही बाजूंना गुणदोष आहेत’ हा तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड आणणारा शेवट आहे.

आता या आठवड्याचं काम. ताईकडून घरपट्टीचं बिल माग. त्यात सर्वसाधारण कराखाली वृक्ष उपकर, शिक्षण उपकर अशा बारीक ओळी असतील. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने पाड: आकारणारा कोण, पैसा शेवटी कुणाकडे जातो, बदल्यात मिळणारी वस्तू कोणत्या प्रकारची, आणि घर भाड्याने दिलं असतं तर भार मालकावर की भाडेकरूवर. शेवटच्या रकान्यात नुसतं ‘मालक’ लिहून पाठवलंस तर कागद परत येईल. लवचिकता लिहून पाठव.

तुझा,
मामा